१४ई४:४३१५ : एका वायफाय चिपचं प्रकरण

लॅपटॉपवर डेबियन, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, बसवून झालेलं असतं. पडदा पूर्ण रुंदीत दिसतो, आवाज येतो, टचपॅड चालतो, झाकण मिटलं की लॅपटॉप झोपी जातो. यातल्या एकाही गोष्टीसाठी ड्रायव्हरची सीडी लागलेली नसते, की कुठल्या कंपनीच्या साइटवरून काही उतरवून घ्यावं लागलेलं नसतं. मग वायफाय जोडायला म्हणून कोपऱ्यातल्या खुणेवर क्लिक करावं, तर यादीत वायफाय हा पर्यायच नसतो. बंद असता तर चालू करता आला असता, पण इथे तो मुळात दिसतच नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवं आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, असा तिढा होऊन बसतो.

लॅपटॉप २००८ ते २०१०च्या सुमारासचा असेल, तर आत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१२ ही चिप निघण्याची शक्यता बरीच असते. त्या काळात अनेक उत्पादकांनी आपल्या लॅपटॉपांत आणि नेटबुकांत ती घातली. खाली मांडलेला प्रसंग अमुक एका घरचा नाही. ही चिप असलेल्या यंत्रावर डेबियन नव्याने बसवलं की तो याच क्रमाने घडतो, म्हणूनच तो आत शिरून पाहण्याजोगा आहे. ‘लिनक्सवर ड्रायव्हर मिळत नाही’ असं आपण सहज म्हणून टाकतो. या चिपच्या बाबतीत ड्रायव्हर होता, जागेवर होता आणि वेळेवर चालूही झाला. अडलं ते दुसरीकडेच.

नावापेक्षा क्रमांक बघा

अशा वेळी बहुतेक जण लॅपटॉपचं मॉडेल शोधायला धावतात. त्याचा उपयोग कमी, कारण एकाच मॉडेलमध्ये उत्पादक वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळी वायफाय कार्डं घालतात. टर्मिनल उघडून ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘एनएन’ पर्यायासह द्यायची. पीसीआय बसवर, म्हणजे यंत्राच्या आतल्या उपकरणांना जोडणाऱ्या वाटेवर, असलेल्या सगळ्या उपकरणांची यादी येते आणि प्रत्येकाच्या शेवटी चौकटी कंसात चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक असतात. आपल्याला हवी ती ओळ १४ई४:४३१५ अशी संपते. पहिला आकडा कंपनीचा, दुसरा उपकरणाचा. दोन्ही षोडशमान पद्धतीतले, म्हणून मध्येच ‘ई’ आलेला दिसतो. १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम.

क्रमांकच का बघायचा, हे याच चिपमुळे पटतं. बीसीएम४३१२ या नावाच्या चिपचा उपकरण क्रमांक ४३१२ नाही, ४३१५ आहे. १४ई४:४३१२ हा क्रमांकही अस्तित्वात आहे, पण तो ज्या कार्डावर सापडतो त्याला यादी बीसीएम४३११ म्हणते. नाव वाचून कोणी मदत मागितली आणि क्रमांक वाचून कोणी उत्तर दिलं, की दोघं वेगळ्याच चिपांबद्दल बोलत राहतात. मदत मागताना आधी हे आठ आकडे द्यावेत, एवढा माझा आग्रह आहे. बाकीचं वर्णन नंतर.

हे क्रमांक चिपमध्येच कोरलेले असतात. यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, पीसीआय बसवरचा प्रत्येक पत्ता तपासतो आणि तिथे काही उत्तर मिळालं की त्या उपकरणाच्या ‘कॉन्फिगरेशन’ जागेतून हे १६-१६ बिटांचे आकडे वाचून घेतो. इथपर्यंत कोणताही ड्रायव्हर लागत नाही. वायफाय दिसत नसलेल्या लॅपटॉपवरही चिप यादीत दिसते ती त्यामुळेच.

ड्रायव्हर आपणहून येतो तो कसा

विंडोजच्या सवयीतून आलेल्या माणसाला वाटतं की ड्रायव्हर म्हणजे उत्पादकाने दिलेली, डबल क्लिक करून बसवायची गोष्ट. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या सोर्स कोडमध्येच राहतात. कर्नलची नवी आवृत्ती निघते तेव्हा हजारो उपकरणांचे ड्रायव्हर तिच्यासोबतच तयार होतात आणि सुट्या मॉड्यूलांच्या रूपात डिस्कवर येऊन बसतात. सगळी मॉड्यूलं मेमरीत चढवली जात नाहीत. ज्याचं उपकरण सापडेल तेच चढतं.

जुळवणी अशी होते. प्रत्येक मॉड्यूलच्या आत ते कोणकोणते क्रमांक सांभाळू शकतं याचा तक्ता असतो. कर्नल बसवताना ‘डेपमॉड’ हे साधन सगळ्या मॉड्यूलांचे तक्ते गोळा करून एक मोठी यादी बनवून ठेवतं. यंत्र सुरू होताना कर्नलला नवं उपकरण सापडलं की तो कंपनी, उपकरण, उपप्रकार, वर्ग हे सगळे आकडे एका ओळीत गुंफून हाक देतो. या ओळीला ‘मॉडएलियस’ म्हणतात. ‘युडेव्ह’ ही सेवा ती हाक ऐकते, यादीत जुळणारं मॉड्यूल शोधते आणि ‘मॉडप्रोब’च्या वाटेने ते चढवते. मग मॉड्यूलमधलं ‘प्रोब’ हे फंक्शन चालतं आणि ड्रायव्हर उपकरण ताब्यात घेतो. तुमचं बोट कुठेही लागत नाही.

आपल्या चिपच्या बाबतीत मध्ये एक पायरी जास्त आहे आणि ती भल्याभल्यांना चकवते. ‘एलएसपीसीआय’ला ‘के’ पर्याय दिला की उपकरण कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे ते कळतं. इथे उत्तर येतं ‘बी४३-पीसीआय-ब्रिज’ आणि मॉड्यूल म्हणून ‘एसएसबी’. वायफायच्या ड्रायव्हरचं नाव तर बी४३. मग हे काय मध्येच? बीसीएम४३१२च्या आत अनेक छोटे घटक आहेत आणि ते सॉनिक्स या कंपनीच्या रचनेच्या एका अंतर्गत बसने एकमेकांना जोडलेले आहेत. पीसीआयला फक्त बाहेरचं दार दिसतं. ते दार ‘एसएसबी’ मॉड्यूल उघडतं, आतल्या बसवर काय काय आहे ते मोजतं, तिथे वायफायचा घटक सापडला की त्याची वेगळी हाक देतं, आणि मग बी४३ चढतो. वाड्याच्या दिंडी दरवाजावर एक माणूस आणि आतल्या चौकात दुसरा, अशी ही रचना. दरवाजावरचा माणूस पाहून ‘चुकीचा ड्रायव्हर लागलाय’ असं ठरवून त्याला हटवू नये.

आता ‘डीमेसेज’ ही कमांड द्यायची. कर्नलची रोजनिशी समोर येते. तिच्यात बी४३ने चिप ओळखल्याच्या ओळी असतात आणि लगेच खाली तांबड्या अक्षरांत तक्रार असते, की बी४३ फोल्डरातली ‘यूकोड१५’ ही फर्मवेअर फाइल सापडली नाही. पुढच्या ओळीत ती कुठून मिळवायची त्या पानाचा पत्तासुद्धा असतो. ड्रायव्हर नाही म्हणून शोधाशोध करणाऱ्याला ड्रायव्हर स्वतःच सांगत असतो की मी आलोय, पण माझ्या हाती हत्यार नाही.

दहा मायक्रोसेकंदांची गोष्ट

फर्मवेअर आणि ड्रायव्हर या दोन शब्दांची सरमिसळ फार होते, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

ड्रायव्हर हा आपल्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नलच्या आत चालणारा प्रोग्राम. फर्मवेअर चालतं ते वायफाय चिपच्या पोटातल्या छोट्या प्रोसेसरवर. हा दुसरा प्रोग्राम कशाला हवा? वायफायमध्ये एक पाकीट नीट पोचलं की घेणाऱ्याने लगेच पोच द्यावी लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ही पोच देण्याआधीची ठरलेली उसंत आहे १० मायक्रोसेकंदांची. मुख्य प्रोसेसर त्या क्षणी तुमचा ब्राउझर चालवत असतो, डिस्कवर लिहीत असतो. त्याने हातातलं सोडून, सूचना पोचून, उत्तर तयार करून ते दर वेळी अचूक १० मायक्रोसेकंदांत हवेत सोडावं अशी खात्री देता येत नाही. म्हणून हे वेळेचं काम चिपमधल्याच छोट्या प्रोसेसरकडे असतं.

त्याचा प्रोग्राम चिपमध्ये कायमचा ठेवता आला असता. काही उपकरणांत तसा असतोही, आणि तेव्हा आपल्याला फर्मवेअर आहे याचा पत्ताही लागत नाही. बीसीएम४३१२मध्ये तो ठेवायला कायमची जागा नाही. वीज गेली की चिप कोरी. दर वेळी यंत्र सुरू झाल्यावर ड्रायव्हरने तो प्रोग्राम डिस्कवरून वाचायचा आणि चिपमध्ये भरायचा. ड्रायव्हर कर्नलकडे अमुक नावाची फाइल मागतो, कर्नल ती ‘लिब’ फोल्डराखालच्या ‘फर्मवेअर’ फोल्डरात शोधतो. सापडली तर काम पुढे सरकतं. नाही सापडली, तर डीमेसेजमधली ती तांबडी ओळ.

मग डेबियनने ती फाइल आधीच का ठेवली नाही? ती कुणाची आहे, आणि ती पुढे वाटायचा हक्क कुणाला आहे, या प्रश्नाशी आपण आता येतो. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथेच आहे.

चिप कशी उलगडली गेली

ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांची कागदपत्रं स्वतंत्र प्रोग्रामरांना मिळत नव्हती. चिपमधल्या कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडे ठेवायच्या छोट्या कप्प्यात, कोणता आकडा लिहिला की रेडिओ चालू होतो, हे माहीत असल्याशिवाय ड्रायव्हर लिहिता येत नाही. त्या काळात काही वायफाय उत्पादक एक कारण देत: या रेडिओची वारंवारता आणि ताकद सॉफ्टवेअरमधून ठरते, ते उघडं केलं तर कोणीही कायद्याच्या बाहेरच्या वारंवारतेवर प्रक्षेपण करेल. ही काळजी अगदीच पोकळ नव्हती. प्रत्येक देशाचे नियम निराळे आहेत. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला तो २००५मध्ये. लिनक्सने पुढे यावर उघडं उत्तर काढलं. देशोदेशीच्या नियमांचा एक सामाईक तक्ता बनवला, आणि यंत्राला देशाचा कोड दिला की कर्नल त्याप्रमाणे सगळ्या ड्रायव्हरांना मर्यादा घालतो. भारताचा कोड आयएन. नियम पाळायला गुप्तता लागत नाही, हे त्याने दाखवून दिलं असं मी मानतो.

पण हे पुढचं. त्याआधी लोकांनी वाट काढली ती आडबाजूने. २००३मध्ये पाँटस फुक्स यांनी ‘एनडीआयएसरॅपर’ लिहायला घेतलं. विंडोजसाठी बनवलेला वायफायचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्ये चढवायचा आणि त्याला आपण विंडोजमध्येच आहोत असं भासवायचं, ही त्याची कल्पना. कित्येकांचं वायफाय तेव्हा त्याच्यावरच चाललं. पण कर्नलच्या पोटात एक बंद डबा बसवलेला. तो बिघडला की सगळं यंत्र कोलमडणार आणि का कोलमडलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

दुसरी वाट कष्टाची होती. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर २००२च्या अखेरीला बाजारात आला आणि २००३मध्ये लोकांच्या ध्यानात आलं की तो आतून लिनक्सवर चालतो. लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्याप्रमाणे त्याचा सोर्स कोड द्यावा लागला, आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरांसाठीची मुक्त प्रणाली उभी राहिली. त्या राउटरमध्ये ब्रॉडकॉमची चिप होती आणि तिचा ड्रायव्हर मात्र बंद, फक्त यंत्रभाषेत. तरी तो लिनक्ससाठी बनवलेला होता, हे महत्त्वाचं. त्या यंत्रभाषेतल्या ड्रायव्हरचा एकेक धागा उलगडायचं काम काही प्रोग्रामरांनी अंगावर घेतलं.

त्यांनी ते दोन गटांत वाटून घेतलं. पहिला गट बंद ड्रायव्हर वाचायचा आणि चिप कशी वागते ते साध्या भाषेत लिहून काढायचा: अमुक रजिस्टर वाचा, तमुक बिट लावा, इतका वेळ थांबा. दुसरा गट बंद ड्रायव्हरकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्याने फक्त ते लिखित वर्णन वाचायचं आणि त्यावरून स्वतःचा कोड लिहायचा. असं केल्याने नव्या कोडमध्ये जुन्याची एकही ओळ नक्कल होऊन येत नाही आणि उद्या कोणी दावा केला तरी पाय भक्कम राहतात. या कामाला किती चिकाटी लागली असेल याचा विचार केला की मला आजही भरून येतं. कुणी पगार देत नव्हतं, आणि चूक झाली की चिप काही न बोलता गप्प बसायची.

२००६च्या जूनमध्ये आलेल्या लिनक्स २.६.१७मध्ये हा ड्रायव्हर ‘बीसीएम४३एक्सएक्स’ या नावाने दाखल झाला. मिखाएल ब्यूश आणि त्यांचे सोबती तो लिहीत होते. लॅरी फिंगरही या कामात आले आणि पुढे २०२४मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत लिनक्सच्या वायफाय ड्रायव्हरांसाठी झटत राहिले. दरम्यान कर्नलमध्ये ‘मॅक८०२११’ ही सगळ्या वायफाय ड्रायव्हरांना सामाईक अशी चौकट आली, आणि तिच्यावर बेतून नव्याने लिहिलेला बी४३ हा ड्रायव्हर २००८च्या जानेवारीत २.६.२४मध्ये आला.

परवानगीचा प्रश्न मुक्तस्रोतवाल्यांच्या आपापसातही किती टोकदार असतो ते २००७च्या एप्रिलमध्ये दिसलं. ओपनबीएसडी या दुसऱ्या मुक्त प्रणालीमध्ये याच चिपांसाठी बनत असलेल्या ‘बीसीडब्ल्यू’ ड्रायव्हरात जीपीएल परवान्याचा कोड उतरल्याचं ब्यूश यांनी जाहीरपणे दाखवून दिलं. वाद पेटला आणि ओपनबीएसडीने तो ड्रायव्हर काढून टाकला. दोन्हीकडचा कोड उघडाच होता. पण उघडा म्हणजे बिनमालकीचा असा अर्थ होत नाही.

बीसीएम४३१२चा रेडिओ एलपी-फाय या वेगळ्या जातीचा. त्याचा आधार बी४३मध्ये यायला २.६.३२ उजाडलं, म्हणजे २००९चा डिसेंबर. काही नेटबुकांवर त्यानंतरही डीएमएच्या, म्हणजे चिपने मेमरीशी थेट देवाणघेवाण करण्याच्या पद्धतीच्या, चुका येऊन वायफाय मध्येच पडायचं. तेव्हा ड्रायव्हरला अशी सोय दिली गेली की डीएमए जमत नाहीसं दिसलं तर त्याने आपणहून पीआयओ या संथ पण खात्रीच्या पद्धतीवर उतरावं.

एक कंपनी, दोन चिपा, दोन नशिबं

ड्रायव्हर असा घामाने उभा राहिला. फर्मवेअर मात्र ब्रॉडकॉमचंच राहिलं. ते त्यांच्या बंद ड्रायव्हरच्या पोटात असतं आणि ते वेगळं काढून इतरांना वाटायची परवानगी कंपनीने दिली नाही. म्हणून ‘बी४३-एफडब्ल्यूकटर’ हे साधन बनलं. वापरणाऱ्याने कंपनीचा ड्रायव्हर स्वतः उतरवायचा आणि या कटरने त्यातून फर्मवेअरचे तुकडे आपल्या यंत्रावर कापून घ्यायचे. डेबियनचं ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ हे पॅकेज नेमकं हेच करतं. त्या पॅकेजमध्ये फर्मवेअर नसतंच. ते बसवताना इंटरनेटवरून ड्रायव्हर आणतं, कापतं आणि फायली जागेवर ठेवतं. सुरुवातीचा तिढा आला तो इथून.

इटलीतल्या ब्रेशिया विद्यापीठात काही जणांनी हे फर्मवेअरसुद्धा नव्याने, उघड्या रूपात लिहून पाहिलं. ‘ओपनएफडब्ल्यूडब्ल्यूएफ’ हे त्याचं नाव. जुन्या काही चिपांवर ते चाललंही. आपल्या एलपी-फायवर चालत नाही.

आणि मग २०१०चा सप्टेंबर. ब्रॉडकॉमने स्वतः उघडा ड्रायव्हर जाहीर केला, पुढे तो कर्नलमध्ये आला, आणि २०१२च्या जानेवारीतल्या ३.२ आवृत्तीत ‘बीआरसीएमएसमॅक’ आणि ‘बीआरसीएमएफमॅक’ अशा दोन ड्रायव्हरांच्या रूपात प्रायोगिक दालनातून बाहेर पडला. महत्त्वाचं म्हणजे या चिपांचं फर्मवेअर पुढे वाटायची परवानगीही कंपनीने दिली. जाहीर केलेल्या चिपा तीन होत्या: बीसीएम४३१३, बीसीएम४३२२४ आणि बीसीएम४३२२५.

४३१३ आली, ४३१२ राहिली. ज्या लॅपटॉपमध्ये ४३१३ आहे त्याचं फर्मवेअर वितरणांना, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकारांना, खुशाल सोबत देता येतं. ज्यात ४३१२ आहे तो लॅपटॉप, कदाचित त्याच वर्षी त्याच दुकानातून घेतलेला, आजही पहिल्या दिवशी मुका. तांत्रिक कौशल्याचा यात काही संबंध नाही. एका चिपच्या फायलीसोबत परवानगीचं पत्र आहे, दुसरीच्या नाही.

हीच गोष्ट डेबियनच्या अलीकडच्या निर्णयातही दिसते. २०२२मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून मुक्त नसलेलं फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं ठरवलं, आणि १० जून २०२३ला आलेल्या डेबियन १२पासून ते अमलात आलं. असंख्य लॅपटॉपांची अडचण त्याने मिटली. हा निर्णय मला योग्यच वाटतो. वायफायच नसेल तर नवा माणूस मुक्त सॉफ्टवेअरच्या उंबऱ्यावरूनच परत जातो. पण बी४३च्या फर्मवेअरला त्याचा फायदा नाही, कारण जे वाटायचीच मुभा नाही ते इन्स्टॉलरमध्ये घालणार कसं? ते पॅकेज ‘कॉन्ट्रिब’ या, स्वतः मुक्त पण मुक्त नसलेल्या गोष्टींवर विसंबणाऱ्या पॅकेजांच्या, विभागातच राहिलं.

बी४३ की डब्ल्यूएल

याच चिपसाठी दुसराही एक ड्रायव्हर आहे आणि बरेच जण सल्ल्यात तोच पुढे करतात: ब्रॉडकॉमचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’. २००८पासून तो मिळतो. त्याचा गाभा बंद, आधीच यंत्रभाषेत केलेला आणि भोवती कर्नलशी बोलणारं उघड्या कोडचं पातळ वेष्टण. वेष्टण तुमच्या यंत्रावर, तुमच्या कर्नलच्या हेडर फायली घेऊन तयार करावं लागतं. ते काम ‘डीकेएमएस’ हे साधन करतं. कर्नल बदलला की ते पुन्हा तयार करतं, निदान तशी अपेक्षा असते. फर्मवेअर त्याच्या पोटातच असल्याने वेगळं मागत नाही.

सोपं वाटतं, पण लिनक्सचा कर्नल आपल्या आतल्या रचनेबद्दल कसलंही कायमचं वचन देत नाही. फंक्शनांची नावं, त्यांना द्यायचे घटक, सगळं सुधारणांसोबत बदलतं. कर्नलमध्येच राहणाऱ्या ड्रायव्हरांना याचा त्रास होत नाही, कारण जो रचना बदलतो तोच त्या सगळ्या ड्रायव्हरांतही बदल करून देतो. बी४३ला ती छत्रछाया आहे. डब्ल्यूएल बाहेर उभा आहे. त्याची शेवटची आवृत्ती २०१५ची. तेव्हापासून कर्नल पुढे जाईल तसं त्याचं वेष्टण ठिगळं लावून वितरणांचे लोक चालवत आले आहेत. एखादं ठिगळ उशिरा आलं, की कर्नलच्या अपडेटनंतर सकाळी वायफाय गायब. शिवाय नव्या यंत्रांत सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होतानाच सॉफ्टवेअरची सही तपासायची सोय, चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल चढवूच देत नाही. ती वेगळी खटपट.

४३१५साठी माझं मत स्पष्ट आहे: बी४३ वापरा. डब्ल्यूएल त्या चिपांसाठी ठेवा ज्यांना दुसरा वालीच नाही. आणि दोन्ही एकत्र बसवू नका. डब्ल्यूएलचं पॅकेज बी४३ आणि एसएसबीला काळ्या यादीत टाकतं. पुढे डब्ल्यूएल काढलं तरी ती यादी कधी कधी मागे राहते, आणि मग फर्मवेअर जागेवर असूनही बी४३ चढत नाही. सगळं बरोबर करूनही वायफाय येत नसेल तर ‘मॉडप्रोब’च्या कॉन्फिगरेशन फोल्डरात डोकावून बघावं.

तिढा सोडवताना

घरी राउटर आणि लॅनची वायर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर अँड्रॉइड फोन. यूएसबीच्या केबलने फोन लॅपटॉपला जोडायचा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करायचं. काही क्षणांत लॅपटॉपवर वायरचं नेटवर्क उगवतं. इथे ड्रायव्हर कसा लगेच मिळाला, हे ध्यानात घेण्यासारखं आहे. फोन केबलवर स्वतःला एक नेटवर्क कार्ड म्हणून सादर करतो आणि त्यासाठी ठरलेली, सगळ्यांना माहीत असलेली बोली वापरतो. त्यामुळे अँड्रॉइड फोनची कंपनी कोणतीही असो, सहसा कर्नलमधलंच ‘आरएनडीआयएस-होस्ट’ किंवा ‘सीडीसी-ईथर’सारखं मॉड्यूल पुरतं. फर्मवेअर फोनच्या आतच असतं. कागदपत्रं उघडी असली की काय फरक पडतो, ते एकाच टेबलावर, एका केबलच्या अंतरावर दिसतं.

नेट आलं की पॅकेजांच्या यादीत ‘कॉन्ट्रिब’ विभाग जोडायचा, यादी ताजी करायची आणि ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ बसवायचं. जुन्या आवृत्त्यांत एलपी-फायसाठी वेगळं पॅकेज होतं, म्हणून जुना सल्ला वाचताना नावांत गोंधळ होऊ शकतो. बसवून झालं की यंत्र पुन्हा सुरू करायची गरज नाही. ‘मॉडप्रोब’ला ‘आर’ पर्याय देऊन बी४३ उतरवायचा आणि परत चढवायचा. यादीत आजूबाजूची नेटवर्कं दिसू लागतात.

न दिसली तर ‘आरएफकिल’ कमांडने रेडिओ बंद केलेला नाही ना ते बघा. त्या काळच्या कित्येक लॅपटॉपांना कडेला वायफायचं सरकतं बटण असे, आणि ते बंद असलं तर कोणताही ड्रायव्हर काही करू शकत नाही. बाकी सगळी नेटवर्कं दिसतात, फक्त आपल्या फोनचा हॉटस्पॉट दिसत नाही, अशी तक्रार असेल तर फोनमध्ये हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर आहे का ते पाहा. ही चिप फक्त २.४वर ऐकते, आणि तिची कागदावरची कमाल गती ५४ मेगाबिट आहे. लेख वाचायला, पत्रं पाठवायला, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ बघायला ती आजही पुरते.

फोनही नसेल, तर दुसऱ्या लिनक्स यंत्रावर कटर चालवून तयार झालेलं बी४३ फोल्डर पेनड्राइव्हवरून आणता येतं. ते फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवलं की झालं. एकदा वायफाय लागलं, की ते फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून त्याला १४ई४:४३१५चीच आठवण राहील असं नाव द्यावं. यंत्र पुन्हा कधी कोरं करावं लागलं तर पाच मिनिटांचं काम.

यानंतर कर्नलची अपडेट येऊ द्या. नव्या कर्नलसोबत नवा बी४३ येतो, फर्मवेअरचं फोल्डर जागेवरच असतं, वायफाय पूर्वीसारखं लागतं. डीमेसेज पुन्हा उघडा. वरच्या ओळीत कर्नल तयार झाल्याची ताजी तारीख असते. खाली, तांबड्या तक्रारीच्या जागी, बी४३ची साधी ओळ असते. फर्मवेअर ५.१००.१३८ या ड्रायव्हरमधून कापलेलं असेल, तर ती ओळ सांगते: फर्मवेअर आवृत्ती ६६६.२, तारीख २३ फेब्रुवारी २०११.